गुणाकार, आणि वर एक

मैलूर, बीदर
२ नोव्हेंबर २०२५

प्रशांत,

शरणु. मी तुला फोन करणार नाही म्हटलं होतं, ते पाळते आहे. पत्र म्हणजे फोन नव्हे. तूही बहिणीशी बोलायचं नाही म्हणून भावोजींच्या मोबाइलवर मेसेज टाकतोस. दोघेही शब्दाचे पक्के निघालो. आज अप्पांच्या जोडीला अव्वा असती तर दोघांनाही एकाच लाटण्याने सरळ केलं असतं.

भीमण्णांनी तुझा मेसेज ड्यूटीवर निघताना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना हळू वाचताच येत नाही, बस चालवून चालवून आवाज तसाच झालाय. 'संक्रांतीनंतर गाडी घेऊन येतो. बेंगळुरूत माझ्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी चांगला आश्रम आहे, खोली ठरवली आहे. अप्पांची बॅग भरून ठेव.' ठरवली आहे! मला विचारलंस? बसवजयंतीला सगळ्या पाहुण्यांसमोर 'अप्पांचं डोकं कामातून गेलंय' म्हणालास, तेव्हाही विचारलं नव्हतंस. मी तुला ताटावरून उठवलं, ते मला आजही चुकीचं वाटत नाही.

अप्पा उत्तम आहेत. पहाटे उठून लिंगपूजा करतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, मशीनवर माझं फॉल-पिकोचं काम चाललेलं असतं तेव्हा समोर बसून सरकारच्या चुका काढतात. एकदा चहात मीठ घातलं, पण ते तर मीसुद्धा घालते. पुढच्या दाराला हल्ली वरून कडी बसवून घेतली आहे. मांजर फार येतं.

तू लिहिलंस, दुपारचं जेवण त्यांना संध्याकाळी आठवत नाही. अरे, दुधीची भाजी होती, विसरण्यासारखीच होती. पण संतपूरच्या हायस्कुलात गणित शिकवताना ते आपल्याला जी मोठी संख्या सांगायचे, ती त्यांना अजून पाठ आहे. न फुटणारी, दीडशेहून जास्त आकड्यांची. तुला आठवते का? तू तर इंजिनियर. ज्याच्या डोक्यात ती संख्या शाबूत आहे त्याचं डोकं कामातून गेलेलं नसतं. हवं तर तपासून बघ. बरोबर निघाली तर अप्पा इथेच राहतील, आणि चुकली तर मी स्वतः बॅग भरीन.

उमादेवी

&nbsp;

मैलूर
१५ नोव्हेंबर

प्रशांत,

'मान्य' एवढाच एक शब्द पाठवलास. रागात माणूस काय बोलून बसतो! पण बोलले ते बोलले. काल सकाळी अप्पांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मागाहून तू मला दोष देणार नाहीस.

"अप्पा, ती मोठी संख्या आठवती का? वर्गात सांगायचे ती?"

"आठवायला काय झालं? मूळ संख्या घे. एकानं आन् तिच्या सोतानं सोडून कशानंच भाग जात न्हाई ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा. अशा वळीनं घ्यायच्या आन् समद्यांचा गुणाकार करायचा. वर एक मिळवायचा. आता आतल्या कंच्याबी संख्येनं भागून बघ, बाकी एक राहनारच."

"म्हंजे ती कशानंच फुटत न्हाई?"

"हितंच फसतेत समदे! आतल्यांनी फुटत न्हाई. भायेरची एखादी येऊन फोडती. पयल्या चार टिकत्यात, पाचवीला फुटती. मंग फुटतच जातेत. दहावीला एक उभी राहती. त्येच्या फुडं लई लांबपत्तोर सगळ्या फुटत्यात. आन् मंग चौऱ्याहत्तरावीला एकदम उभी राहती. दीडशेच्या वर आकडे, पर कुनाचा भाग जाईल तर शपथ."

"चौऱ्याहत्तर? नक्की?"

"कामून इचारायलीस? परीक्षा घेतीस व्हय माझी?"

मी पेपर त्यांच्या हातात दिला आणि विषय बदलला. एवढं मात्र सांगते, सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. कॉलर ताठ, उजव्या हाताचं बोट हवेत, जणू खडू धरलाय. तू समोर असतास तर पैज तिथेच सोडून दिली असतीस.

तर चौऱ्याहत्तर मूळ संख्यांचा गुणाकार, आणि वर एक. एवढी मोठी संख्या माझ्या फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये मावत नाही, आठव्या-दहाव्या गुणाकारालाच तो हात टेकतो. तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला विचार. आणि काय उत्तर येईल ते लवकर कळव. मी दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या शिवल्या आहेत.

उमादेवी

&nbsp;

मैलूर
१ डिसेंबर

प्रशांत,

तुझा मेसेज पोचला. पहिल्या चौऱ्याहत्तर मूळ संख्या घेऊन गुणाकार केला, एक मिळवला, संख्या मूळ नाही, फुटते. वर हेही लिहिलंस की अप्पा साध्या पाचवीलाच चुकले. पहिल्या पाचांचा गुणाकार दोन हजार तीनशे दहा, वर एक म्हणजे दोन हजार तीनशे अकरा, आणि ती कशानेही फुटत नाही. अप्पा म्हणाले, फुटते. मी पण भागून बघितलं. सत्तेचाळीसपर्यंतच्या सगळ्यांनी भागलं, कारण त्याच्या पुढच्यांनी भागायची गरज नसते, हे अप्पांनीच शिकवलेलं. फुटत नाही. तुझं बरोबर आहे.

शेवटी लिहिलंस, 'अक्का, आता बॅग भर.' रागावून लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

मग आता सगळं सांगूनच टाकते. मांजर येत नाही. कडी अप्पांसाठी आहे. दिवाळीच्या आधी भीमण्णा कलबुर्गीच्या फेरीवर होते, मी एका गिऱ्हाइकाची साडी घेऊन मागच्या गल्लीत गेले होते. परत आले तर दार उघडं आणि अप्पा नाहीत. मी चप्पल न घालता पळाले. शेजारच्या सुधारानीला ते बसस्टँडवर सापडले. भालकीची गाडी कधी सुटते, म्हणून सगळ्यांना विचारत होते. त्यांना भालकीजवळच्या मेहकरला, गावच्या घरी जायचं होतं, त्यांचे अप्पा वाट बघत असतील म्हणाले. आपल्या आज्जाला जाऊन चाळीस वर्षं झाली, प्रशांत. सुधारानीने त्यांचा हात धरून आणलं, तर ते तिला म्हणाले, "तुमी लई चांगल्या हाव, तुमचं गाव कंचं?" बारा वर्षांपासूनची शेजारीण आहे ती.

त्यानंतर आणखी दोनदा झालं. एकदा मला 'मावशी' म्हणाले. एकदा मी दार उघडत नाही म्हणून माझ्यावर हात उगारला, आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत बसले. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू जिंकला असतास.

आणखी एक सांगते आणि मग वाटेल ते म्हण. 'फुटते' वाचल्यावर मी मोरीत जाऊन रडले. पण रडून झाल्यावर मला हलकं वाटलं. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले. आता ठरलंच, आपल्या हातात काही नाही, असं वाटून झोप लागली. सकाळी अप्पांनी मला हाक मारली, "उमा, च्या झाला का गं?" आणि मला माझीच लाज वाटली.

या अमावास्येची येळवस झाली की बॅग काढते. आपल्या चुलतभावाने, बसवप्रभूने, शेतातल्या पूजेला आणि जेवायला बोलावलंय. ही एक येळवस अप्पांना मेहकरच्या मातीत करू दे. तेवढं मागते.

अक्का

&nbsp;

मैलूर
२१ डिसेंबर

प्रशांत,

बॅग काढलेली नाही. आधी हे वाच, मग चिड.

येळवशीला आम्ही मेहकरला गेलो. बसवप्रभूने कडब्याची खोप छान घातली होती. शेंगाभाज्यांची भज्जी, ताकातली अंबील, बाजरीचे उंडे. अप्पांनी दोनदा भज्जी मागून घेतली. आज्जाच्या वेळची बाभूळ कुठे होती ते बोट दाखवून सांगितलं. निघताना बसवप्रभूच्या बायकोने, धनलक्ष्मीने, आम्हाला देण्यासाठी मूग मोजायला घेतले. शेर भरला, पोत्यात ओतला, म्हणाली, "एक."

अप्पांनी उठून सरळ तिच्या हातातला शेरच काढून घेतला.

"एक कामून म्हनतीस? पयलं माप देवाचं! त्ये मोजायचं न्हाई. पोत्यात पडू दे, हात जोड, आन् दुसऱ्यापासून एक म्हन."

धनलक्ष्मी बिचारी घाबरली. बसवप्रभू हसून म्हणाला, "काका, ती आज्जाची पद्धत. आता कोन करायलंय? गिऱ्हाईक बी हसतंय." पण अप्पांनी ऐकलं नाही. पहिला शेर पोत्यात, हात जोडून, मुकाट. मग दुसऱ्याला "एक", तिसऱ्याला "दोन". आज्जाच्या धान्याच्या दुकानात लहानपणी ते असंच मोजायचे म्हणे. देवाचं माप गिऱ्हाइकाच्या पोत्यात पडायचं, पण मोजणीत धरायचं नाही.

मी जीपमध्ये बसले आणि भालकीच्या फाट्यापर्यंत डोळे मिटून बोटं मोजत राहिले. भीमण्णांना वाटलं, मला गाडी लागली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. दोन ही पहिली मूळ संख्या. अप्पांनी ती देवाची धरली असेल तर? गुणाकारात आहे, पण मोजणीत नाही. म्हणजे तीन ही पहिली, पाच दुसरी, सात तिसरी, अकरा चौथी आणि तेरा पाचवी.

घरी येऊन हातपाय न धुता कापडावरचा खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर गुणाकार मांडला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. तीस हजार तीस. वर एक, तीस हजार एकतीस. एकेका मूळ संख्येने भागत गेले. एकोणसाठला भाग गेला, पाचशे नऊ वेळा, बाकी शून्य! मी ओरडलेच. अप्पांची पाचवी फुटते, प्रशांत. आपल्या मोजणीत ती सहावी आहे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते चहा पीत असताना, जे मी आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "अप्पा, चौऱ्याहत्तरातली शेवटची मूळ संख्या कंची?" कप खाली न ठेवता म्हणाले, "तीनशे एकोणऐंशी." मी दोनपासून सगळ्या मूळ संख्या ओळीने लिहून काढल्या. तीनशे एकोणऐंशी ही पंचाहत्तरावी. तू पहिल्या चौऱ्याहत्तर घेतल्यास, म्हणजे तीनशे त्र्याहत्तरला थांबलास. एक अलीकडेच थांबलास.

परत करून बघ. तीनशे एकोणऐंशीपर्यंत सगळ्या घे, दोनही घे, वर एक मिळव. तू पैजेचा शब्द पाळणारा आहेस, हे मला ठाऊक आहे. तुझं उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगलेला आहे. भीमण्णांचा फोन वाजला की मी मशीन थांबवते, आणि फोन आगारातला निघतो.

अक्का

&nbsp;

मैलूर
५ जानेवारी २०२६

प्रशांत,

तुझा मेसेज भीमण्णांनी दारातूनच वाचला. 'मूळ संख्या आहे. दोनदा तपासली. अप्पा बरोबर होते. जिंकलीस, अक्का. मी येत नाही.'

मी अंगणात नाचले म्हटलं तर तू हसशील. सुधारानीला गूळ दिला. तिला का ते कळलं नाही, तरी तिने खाल्ला. तुझ्या कॉम्प्युटरलाही जे एकदा चकवून गेलं ते पंचाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला पाठ होतं! दोन दिवस मी गल्लीत मान वर करून चालले.

आणि मग मला एक गोष्ट आठवली, आणि ती तुला न सांगता मला जेवण जाईना. तुलाही ती आठवली असणार, पण तू लिहिली नाहीस. संतपूरला वर्गात अप्पांनी हेच गणित तुला फळ्यावर घातलं होतं. 'गुणाकारात एक मिळवला की मूळ संख्याच मिळते' असं तू म्हणालास, आणि त्यांनी तुला तीस हजार एकतीस भागायला लावली. तू घामाघूम झालास, आणि सगळा वर्ग हसला. तेव्हा अप्पा काय म्हणाले होते? "सहावीला फुटती, प्रशांतकुमार." सहावीला. वर्गात ते दोनला पहिलीच मोजायचे, तीस वर्षं तसंच शिकवलं. देवाचं माप त्यांनी शाळेत कधी आणलं नाही.

म्हणजे संख्या शाबूत आहे, पण ती मोजतोय तो आज्जाच्या दुकानातला दहा वर्षांचा पोरगा. मास्तर गुरुशांतप्पा, आपले अप्पा, मागे मागे चाललेत. माझा पुरावा खरा आहे, आणि तुझंही खरं आहे. मी हे तुझ्यापासून लपवून जिंकलेली राहू शकले असते. नाही राहवत.

काल सकाळी ते ओसरीत उन्हाला बसले होते. मी शेंगा सोलत होते. एकाएकी म्हणाले,

"उमा, त्या आकड्याचं काय झालं?"

"बरोबर निघाला, अप्पा. प्रशांतनं कॉम्प्युटरवर बघितलं."

"त्येला कामून बघावं लागलं?"

मी शेंग फोडत राहिले.

"मला न्ह्यायला येनार व्हता न्हव का त्यो?"

"कोन म्हनालं? तसलं काय न्हाई."

"खोटं कामून बोलायलीस? मी काय बहिरा न्हाई. भीमण्णा फोन वाचतंय त्ये सगळ्या मैलूरला ऐकू येतंय." मग जरा हसले. आणि मग हसू गेलं. "आकडा बरोबर आला म्हनून मी बरोबर हाय, असं धरलाव तुमी? आन् आकडा चुकला असता तर? मला टाकून देनार व्हता?"

"अप्पा, असं नका बोलू."

"बोलू दे. आता सकाळ हाय, आता मला समदं ठाव असतंय. तू उमा, ही ओसरी, प्रशांत बेंगळुरूत. पर दिवे लागले की कुटं हाय त्ये कळत न्हाई बग. घर आपलं वाटत न्हाई. समदी मानसं परकी वाटतेत. लई भ्या वाटतंय, उमा. तुमी दार लावून घेता, मला वाटतंय कोंडलंय कुनीतरी. तवा कोन जवळ बसलं, हात धरला, की मंग जरा बरं. हितं ऱ्हाऊ का तितं, मला त्येचं काय न्हाई. मला कुनी इचारलंच न्हाई."

प्रशांत, आपण दोघांनी त्यांच्या डोक्यावरून दोन महिने भांडण केलं. तू म्हणालास फुटलंय, मी म्हणाले शाबूत आहे. कॉम्प्युटरला विचारलं, मुगाच्या मापाला विचारलं. त्यांना विचारलं नाही. त्यांना सगळं ठाऊक आहे. आपल्या आत अंधार पडतो हे त्यांना उजेडात कळतं, आणि दिवसभर ते वाट बघत बसतात, तो कधी पडेल म्हणून. पेपर वाचताना, सरकारला नावं ठेवतानाही. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर बसून मी शिवण टाकत होते आणि मला माहीत नव्हतं.

मी थकले आहे. संध्याकाळच्या फेऱ्या बदलून द्या म्हणून भीमण्णांनी आगारात अर्ज केलाय, त्याचं काय होईल ते होईल. एकटीने हे होत नाही. हे पत्रात लिहायला मला पैज जिंकावी लागली, हरले असते तर कधीच लिहिलं नसतं. अशी तुझी बहीण आहे.

तेव्हा 'मी येत नाही' हे मला नको. ये. बॅग भरलेली नाही आणि तू आल्या-आल्या भरायचीही नाही. आश्रम, बेंगळुरू, मैलूर, काय ते नंतर तिघं मिळून बघू, आणि सकाळी बघू, म्हणजे त्यांनाही बोलता येईल.

येत्या रविवारी ये, लवकरची गाडी धर, दुपारपर्यंत पोच. त्या वेळी पोचलास तर अप्पा तुला ओळखतील. 'प्रशांतकुमार' म्हणून पुरं नाव घेतील, वाळलास म्हणतील, फळ्यावरची गोष्टही काढतील. तेवढं पोटभर घे. मग दिवस मावळेल आणि ते तुला विचारतील, तुमचं गाव कंचं. तेव्हा उठू नकोस. हात धर आणि बसून राहा.

तुझी अक्का,
उमादेवी